दादाचं कोलंबो आणि हिरावहिनीची सुट्टी

ओरोसला आमच्या कार्यालयात रजा प्रवास सवलतीची बिलं माझ्या टेबलावरून पुढे जातात. कोणी उटीला जाऊन येतो, कोणी काश्मीरला. परत आल्यावर माणसं बिलाबरोबर गाऱ्हाणीही घेऊन येतात. हॉटेलात गरम पाणी नव्हतं, गाडी उशिरा सुटली, पोरांची पोटं बिघडली. "साहेब, सुट्टी कसली, नुसती दगदग," असं म्हणत सही घेऊन जातात. मी वाणिज्य शाखेचा माणूस. खर्च झाला की त्याच्या बदल्यात काय मिळालं ते पाहायची सवय मला निवृत्ती जवळ आली तरी सुटलेली नाही. अशा वेळी मला हमखास आमची हिरावहिनी आठवते. तिने जन्मात एकच सुट्टी घेतली, पण ती पुरेपूर वसूल केली.

हिरावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, परशुरामदादाची बायको. माहेर विजयदुर्गचं, वडील गलबतावर तांडेल. लग्न होऊन ती तोंडवलीला आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होतो. ठेंगणी, भरभर चालणारी. बोलताना ती समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघत नसे, हातातल्या कामाकडे बघे. त्यामुळे ती जे बोलते ते सहज बोलते असं वाटायचं. ते तसं कधीच नसायचं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली आणि दादाला तर कळलंच नाही.

दादाचा सुक्या मासळीचा व्यापार होता. मालवणच्या बाजारात त्याची वखार होती आणि खारवलेले बांगडे, मोरी, सुका जवळा असा माल तो लांबलांब पाठवी. दादा कष्टाळू आणि सरळ, पण घरात आला की त्याला स्वतःची कुठलीच वस्तू सापडत नसे. "हिरा, चष्मो खंय?" "हिरा, माझी टोपी?" "हिरा, चाय." चहा तर दिवसातून चार वेळा, आणि तोही वहिनीच्याच हातचा.

आमच्या घरी सुट्टी नावाची गोष्ट दर मे महिन्यात मुंबईहून यायची. माझी बहीण पद्मावती, तिचा नवरा, पोरं, कधी नवऱ्याचा भाऊ आणि त्याची पोरं. ही मंडळी आंबे खात, समुद्रावर जात, दुपारी ओटीवर लोळत. त्या सगळ्यांची सुट्टी वहिनीच्या चुलीवर शिजायची. शिवाय तोच महिना आगोटीचा, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीचा. सोलं वाळवायची, पापड घालायचे, लाकडं आत घ्यायची, सुकी मासळी भरून ठेवायची. पद्मावती जाताना दर वर्षी प्रेमाने म्हणायची, "वैनी, तू एकदा मुंबईक ये मा. माझ्याकडे आराम कर."

"तुझ्याकडे चाय कोण करता गो?" वहिनी विचारायची.

"मियाच करतंय."

"मगे नको. माका बघवायचा नाय, उठान मियाच करीन."

साल एकोणसाठ. मी बी.कॉम.ची परीक्षा देऊन कोल्हापूरहून घरी आलो होतो. त्याच सुमारास कोलंबोच्या एका व्यापाऱ्याने दादाला बोलावणं धाडलं. तुमचा माल चांगला आहे, नमुने घेऊन स्वतः या, वर्षाचा सौदा बोलू. आमच्या वाडीतले लोक बोटीवर खलाशी म्हणून जग फिरून आले होते, पण कोट घालून, धंद्यासाठी परदेशी निघालेला दादा पहिलाच. त्याने पासपोर्ट करून घेतला. फोटोत तो पोलिसांनी नुकताच पकडून आणल्यासारखा दिसत होता, पण तो पासपोर्ट सदऱ्याच्या खिशात घालून तो बाजारात हिंडे आणि कोणी मासळीचा भाव विचारला तरी आधी पासपोर्ट दाखवी.

एके दिवशी जेवताना वहिनीने भात वाढता वाढता विचारलं, "कोलंबो म्हणजे नेमका खंय इला?"

दादाला ते नीट सांगता येईना, म्हणून मी सांगितलं. बेळगावपर्यंत एस.टी., तिथून रेल्वेने मद्रासकडे, मग थेट धनुष्कोडी. तिथे जमीन संपते. पुढे बोट. "धनुष्कोडी म्हणजे रामेश्वराच्या बाजूकच," मी म्हणालो.

वहिनीच्या हातातला डाव थांबला. "रामेश्वर? म्हणजे ह्ये रामेश्वराच्या दारावरसून जातले आणि आत पाय टाकूचे नाय?"

"देवाक काय वाटात रे परशुराम?" आई म्हणाली.

दादा म्हणाला, "देवाक म्हायत आसा मी कामाक जातंय ता," आणि त्याने ताक मागितलं. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी विळीवर नारळ खवत होती. मी चहा घेत बसलो होतो. खोबऱ्याकडे बघत तिने विचारलं, "रवी, ह्येंका थंय किती दिवस लागतले रे?"

"आठ-धा तरी."

"मगे असा करूया. आमी सगळी रामेश्वरापर्यंत जावया. ह्ये पुढे बोटीन जावंदेत, आमी धर्मशाळेत रवया. ह्ये परत इले की सगळी मिळान घराक."

"आणि इतके दिवस तुमच्यावांगडा पुरुषमाणूस कोण?"

"तू आसस मा. तुझी परीक्षा झाली, आता तुका काय काम आसा?"

हे तिने रात्रीतून पक्कं करून ठेवलेलं होतं हे उघड होतं. मी विचारलं, "थंय रवान तू करतलंस काय?"

"काय करूचा नाय. चार दिवस कोणाची चाय करूची नाय, इतक्याच माझ्या मनात आसा." आणि तिने पुढची कवड घेतली.

दादाने ते ऐकून घेतलं आणि साफ नाही म्हटलं. "मी धंद्याक चल्लंय, वऱ्हाड घेवन नाय. आणि रामेश्वरच बघूचो तर आचऱ्याचो काय कमी आसा? बैलगाडी जोडा, सकाळी जावा, सांजचे घराक येवा."

"आचऱ्याक माझी मावशी आसा," वहिनी म्हणाली. "गेलंय की पयली भाकऱ्यो थापूक बसयता. थंय कसली सुट्टी?"

आईचीही हरकत होती. मुंबईची माणसं येणार, आगोटीचं काम पडलेलं, घर कोणाच्या जिवावर टाकायचं? वहिनी तिच्याशी एका शब्दानेही भांडली नाही. ती एवढंच म्हणाली, "येवंदेत की. पद्मावती ह्या घरची लेक, तिका चूल म्हायत आसा. गेल्या वर्षी माका म्हणी, वैनी तुझ्यासारखे पापड करूक शिकव. आता आपसूक शिकात." मग थोडं थांबून, "सावित्रीकाकी काशी करून इली तेव्हापासून बावीवर तिका सगळी वाट देतत, नाय आये?"

सावित्रीकाकी आमच्या शेजारी राहत. काशीहून आल्यापासून त्या विहिरीवर पाणी भरायला आल्या की बाया बाजूला सरत, आणि आईला हे फार खुपत असे. त्या दिवसापासून आई रामेश्वराची झाली. "बावीस तीर्थांची आंघोळ आसा म्हणे थंय," असं ती दादाला येताजाता ऐकवू लागली. पण दादा बधला नाही. निघायचा दिवस ठरला, एकट्याचं सामान काढलं गेलं. वहिनीनेही विषय सोडून दिल्यासारखं दाखवलं. मला वाटलं, संपलं.

आमच्याकडे एवढ्या लांबच्या प्रवासाला निघताना गावदेवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. हे गाऱ्हाणं म्हणजे रडगाणं नव्हे. देवळातला मानकरी देवीला मोठ्याने, सविस्तर सांगतो की अमक्याने नारळ ठेवला आहे, तो अमक्या कामाला चालला आहे, त्याला यश दे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासून इतक्या वेळा म्हटलेलं असतं की ते आपोआप तोंडातून निघतं. आमचा मानकरी धोंडूकाका. त्याचं गाऱ्हाणं लांबलचक, पण एक गोष्ट राहून जाईल तर शपथ.

दादाच्या गाऱ्हाण्याला बरीच माणसं आली होती. कोलंबोला जाणारा माणूस बघायचा होता. दादा कोट घालून, टोपी सारखी करून पुढे उभा. बायका मागे. धोंडूकाकाने नारळावर हात ठेवला आणि आवाज लावला.

"बा देवी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज हो जो नारळ तुझ्या पायाकडे ठेवललो आसा, तो आपल्या परशुरामान ठेवललो आसा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो आपलो माल घेवन दर्यापलीकडे कोलंबोक जाता आसा. थंय तेचो सौदो बरो होवंदे, कोण आडो इलो आसात तर तेका बाजूक कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दादाचा आवाज आता सगळ्यांच्या वर. त्याच्या डोळ्यांपुढे कोलंबो दिसत असावं.

"आणि तेच्यावांगडा तेची अस्तुरी, म्हातारी आवस, दोन पोरां आणि धाकटो भाव, अशी सगळी मिळान रामेश्वराक जातत. तेंका संभाळून ने आणि सुखरूप घराक हाड, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दादा सगळ्यांबरोबर म्हणाला. म्हणजे सगळ्यांच्या आधी म्हणाला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. धोंडूकाका तोवर पुढच्या वाक्याला गेला होता.

गाऱ्हाणं संपल्यावर दादाने त्याला खांबाआड गाठलं. "काका, ह्या काय सांगलंस तू?"

"काय म्हणजे? तू व्हय म्हणालस. मी ऐकलंय."

"पण तुका ह्या सांगला कोणी?"

"नारळ घेवन तुझी अस्तुरी इल्ली. मी इचारलंय, काय काय सांगूचा? तिना सांगला. देवीक सांगूचा तर पुरा सांगूक व्हया. अर्धा ठेवलंय तर ती माका धरतली, तुका नाय."

"आता फिरवूक येयत?"

"येयत मा!" धोंडूकाका उत्साहाने म्हणाला. "दुसरो नारळ हाड. मी सगळ्यांसमोर देवीक सांगतंय, की परशुराम आपल्या आवशीक रामेश्वराक नेवक तयार नाय."

आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. दादाने दुसरा नारळ आणला नाही.

घरी येताना पायवाटेवर तो वहिनीला म्हणाला, "हिरा, तू माका देवीसमोर फसयलंस."

"मी खंय काय बोललंय? मी मागे बायलमाणसांत होतंय. तुमीच व्हय म्हटलास. तुमचोच आवाज सगळ्यांत मोठो." विमला आणि बाळा, दादाची दोन मुलं, तोवर "व्हय म्हाराजा" ओरडत पुढे पळाली होती.

दोन दिवसांत मालवणच्या बाजारापर्यंत बातमी गेली. मासळीवाल्या दादाला हटकू लागल्या, "परशुराम, माका रामेश्वराची वाळू हाड रे. पयल्यांदाच तुझ्याकडे फुकटचा मागतंय." आता माघार घ्यायला जागाच उरली नाही. मी रेल्वेच्या वेळा जुळवायला बसलो. वहिनी तिखटमीठ, पोहे, सुके लाडू बांधू लागली आणि काम करताना चक्क गुणगुणू लागली.

आणि निघायच्या आठवड्यात तार आली. कोलंबोचा व्यापारी आजारी पडला होता. पावसाळ्यानंतर या, असा निरोप होता.

दादा ओटीवर मटकन बसला. थोड्या वेळाने त्याचा चेहरा जरासा उजळला. "म्हणजे आता कोणाकच जावक नको!"

"देवीक काय सांगशीत?" आईने आतून विचारलं. "कोलंबोक नेवकच व्हया असा तिना म्हटल्यान नाय. आमका रामेश्वराक पोचवल्यान म्हणजे झाला."

कोलंबो रद्द होऊ शकत होतं, कारण ते त्या व्यापाऱ्याच्या हातात होतं. रामेश्वर रद्द होऊ शकत नव्हतं, कारण त्याला अर्ध्या गावाने होकार दिला होता.

मला वाटलं, वहिनी खूश असेल. मागे गेलो तर ती विहिरीच्या पाळीवर एकच तांब्या पुन्हा पुन्हा घासत बसलेली. चेहरा उतरलेला.

"वैनी, अगो रामेश्वर चुकणा नाय तुझा."

"ता माका म्हायत आसा रे."

"मगे?"

तिने पहिल्यांदाच वर बघितलं. "मगे काय! आता ह्ये पण वांगडा येतले मा!"

मला काही कळेना. तिने हातातला तांब्या खाली ठेवला. "आठ-धा दिवस ह्ये दर्याच्या पलीकडे आसतले, मी अलीकडे. मी काय काय ठरयलेला! ह्ये बोटीत चढतले, मी हात हलयतलंय, बोट दिसानाशी झाली की मागे फिरान बसतलंय. नुसती बसतलंय. आता बस! थंय पण 'हिरा चाय, हिरा चष्मो.' चूल तेवढी बदलली, रवी. मेल्या त्या व्यापाऱ्याक आताच आजारी पडाचा होता?"

"अगो, आजारी माणसाक असा म्हणतत?"

"बरो होवंदे बापडो. पण आठ दिवसांनी पडलो आसतो तर तेचा काय जाता?"

मी हसलो, पण ती खरंच हरली होती. दादावर तिचा जीव होता, त्यात शंका नाही. पण प्रेमाच्या माणसालाही चहा लागतोच, आणि तो तिनेच करायचा असतो.

पद्मावती आणि मंडळी आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी पोचली. बांधलेलं सामान बघून तिचा चेहरा पडला. "वैनी, आमी सुट्टीक इलो आणि तू खंय चल्लंस?"

"मी पण सुट्टीकच. कुळथाचो डबो वरच्या फळयेर आसा, आणि पापडाचा पीठ मळून ठेवलंय," वहिनी म्हणाली.

प्रवास लांबचा झाला. आंबोलीच्या घाटात बाळा ओकला, बेळगावला दादाची टोपी हरवली आणि वहिनीच्या पिशवीत सापडली. पांबनचा पूल आला तेव्हा खाली दोन्ही बाजूंना नुसता समुद्र. आईने डोळे मिटून आमच्या गावदेवीचा धावा सुरू केला. मी म्हटलं, "आये, आता रामनाथस्वामीचा नाव घे, ह्यो तेचो मुलूख." ती डोळे न उघडता म्हणाली, "तो माका वळाखणा नाय. ही घरची."

धर्मशाळा बरी होती. तिथल्या देवळातल्या उपाध्येबुवांना मोडकंतोडकं मराठी येत होतं. जेवण खानावळीत, केळीच्या पानावर. आई दुसऱ्या दिवसापासून बावीस तीर्थांच्या मागे लागली, पोरं माझ्या गळ्यात पडली. आणि दादा? दादाला जगात काही काम नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तो सकाळी उठला आणि वखारीत जायचं नव्हतं. देवदर्शन झालं, समुद्र बघून झाला, आणि समुद्र बघण्यात त्याला नवल ते काय? मासळी खायची सोय नाही, भाषा कळत नाही. पासपोर्ट मात्र तो बरोबर घेऊन आला होता. तो उपाध्येबुवांना दाखवून झाला, धर्मशाळेच्या रखवालदाराला दाखवून झाला. मग तो वहिनीच्या मागे मागे फिरू लागला.

"हिरा, चष्मो खंय?"

"हिरा, हयली कापी माका सोसणा नाय. जरा चाय करशीत?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बघितलं तर वहिनी कुणाकडून तरी स्टोव्ह मागून आणून धर्मशाळेच्या कोपऱ्यात चहा उकळत होती. घामाने डबडबलेली. तोंडवलीत दिसायची हुबेहूब तशी. माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ, इतक्या लांब येवन मी घराकच आसंय."

तिसऱ्या दिवशी पहाटे ती आईबरोबर समुद्रस्नानाला गेली आणि परत येताना जरा रमतगमत आली. दादा दाराशी चहाची वाट बघत उभा होता. ओलं लुगडं पिळता पिळता, त्या लुगड्याकडेच बघत ती मला म्हणाली, "रवी, हयले लोक बारकी मासळी वाळूत टाकून सुकयतत रे. मिठाशिवाय."

"मिठाशिवाय?" दादा पटकन म्हणाला. "खुळी काय तू? कुसतली ती!"

"कुसली नाय. मी हातात घेवन बघलंय. कडकडीत."

"कसा शक्य आसा? वाळू कसली ती?"

"माका काय म्हायत? मी बायलमाणूस. उपाध्येबुवा म्हणी, धनुष्कोडीक तर हेच्यापेक्षा मोठा खळा आसा. थंयसून बोटीन सगळो माल कोलंबोक जाता." तिने लुगडं झटकलं. "पण तुमका कित्याक सांगतंय मी? तुमी सुट्टीर आसास. बसा, चाय करतंय."

"चाय रवांदे!" दादा म्हणाला. "चष्मो..." असं म्हणताना त्याचा हात खिशाकडे गेला आणि चष्मा तिथेच होता. तो घालून दादा धनुष्कोडीला निघून गेला.

संध्याकाळी परत आला तो काळवंडलेला, चपलांत वाळू, अंगाला मासळीचा वास आणि चेहऱ्यावर असा आनंद की कोलंबोच जिंकून आला. भाषा येत नसली तरी मासळीवर बोटं नाचवून तो दिवसभर बोलला होता. तिकडचा माल कसा पसरतात, कधी उलटतात, वारा कुठून घेतात, सगळं त्याने आम्हाला करून दाखवलं. जेवताना त्याचं पानाकडे लक्षच नव्हतं. "उद्या परत जातंय. मोरी कशी खारवतत ता बघूचा रवला." जाता जाता त्याने एका व्यापाऱ्याला पासपोर्टही दाखवला होता.

त्या दिवसापासून दादा रोज सकाळी पांबनला गाडी बदलून धनुष्कोडीला जाऊ लागला, अगदी वखारीत गेल्यासारखा. त्या गावाशी त्याचा असा काही घरोबा जमला की पुढे चौसष्ट सालच्या वादळात धनुष्कोडी वाहून गेल्याची बातमी आली तेव्हा तो दोन दिवस वखारीत गेला नाही. कोणकोण माणसं होती ती, एवढंच पुटपुटत राहिला. पण ते नंतरचं.

दादा धनुष्कोडीला, आई तीर्थांवर, पोरं माझ्याकडे. वहिनीची सुट्टी सुरू झाली. तिने काय केलं ते सांगणं कठीण आहे, कारण सांगण्यासारखं तिने काहीच केलं नाही. सावकाश केस विंचरले. दुपारी झोपली. मी तिला दिवसा झोपलेलं तोवर कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे आधी मला भीतीच वाटली. खानावळीत वाढप्या समोरून गेला की ती त्याला हात करून थांबवी आणि थोडं रसम घाल म्हणून खुणेने सांगे. ते तिला फारसं आवडत नव्हतं. पण कोणीतरी वाकून आपल्या पानात वाढतो आहे, हे तिला पुन्हा पुन्हा बघायचं असे.

सकाळी ती किनाऱ्यावर एका उपड्या घातलेल्या होडीच्या सावलीत जाऊन बसायची. मी पोरांना घेऊन जवळपास असे. पोरं शिंपले आणून तिच्यापुढे ठेवत. ती "बरो आसा" म्हणे आणि समुद्राकडे बघत राही.

संध्याकाळी दादा आपला सगळा दिवस सांगून झाला की विचारी, "आणि तू काय केलंस दिसभर?"

"काय नाय," वहिनी म्हणे. पोट भरून जेवलेला माणूस जसा "आता नको" म्हणतो, तसं ती ते म्हणायची. दादाला त्या "काय नाय"चं कुतूहल वाटू लागलं. परतायच्या आदल्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "आज मी धनुष्कोडीक जाणा नाय. तुझ्यावांगडा रवतंय. बघूया तरी तू काय करतंस ता."

वहिनीने माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "येवा. रवा."

दोघं होडीच्या सावलीत बसली. सावली लहान, दादा मोठा. वहिनीने पाय पोटाशी घेतले. मी पोरांना घेऊन थोडा बाजूला, वाऱ्यावर त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. बराच वेळ दादा समुद्राकडे बघत राहिला. मग त्याने टोपी काढली, झटकली, घातली.

"आता काय करूचा?"

"आता काय नाय."

दादाने चष्मा पुसून परत घातला. "आणि मगे?"

"मगे पण नाय."

दादाने वाळूची मूठ भरली, बोटांतून सोडली, पुन्हा भरली आणि ती कोरडी किती आहे ते चोळून बघितलं. "ह्या वाळूक मिठाचो अंश जास्त आसतलो," तो म्हणाला. तेवढ्यात स्टेशनच्या बाजूने पांबनच्या गाडीची पहिली शिट्टी ऐकू आली. दादाची मान तिकडे वळली. त्याने मान परत समुद्राकडे आणली. ती पुन्हा वळली.

"जावा," वहिनी म्हणाली. "गाडी चुकात."

"रागावणार नाय मा तू?"

"नाय हो. जावा तुमी."

दादा उठला, दोन पावलं शहाण्यासारखा चालला आणि मग टोपी हातात धरून स्टेशनाकडे धावत सुटला. बाळा त्याच्या मागे "बाबा, बाबा" करत थोडा पळाला आणि शिंपले दिसल्यावर थांबला. वहिनीने दादा वळणाआड जाईपर्यंत बघितलं. मग तिने पोटाशी घेतलेले पाय हळूहळू लांब केले आणि होडीची ती सगळी सावली एकटीने घेतली.